एक गाडी, तीन सौदे

गोंदिया जिल्ह्यात चारचाकी घेण्याची गर्दी दोन वेळा उसळते. दसरा-धनत्रयोदशीचा मुहूर्त ही एक वेळ आणि धानाचे चुकारे खात्यावर जमा होतात ती दुसरी. मुहूर्ताला तिथीची घाई असते. चुकाऱ्यांच्या वेळी पैसा दुसरीकडे खर्च होण्याआधी गाडीत घालावा, ही घाई असते. अशा घाईत शोरूममध्ये गेलेलं कुटुंब बहुधा एकच प्रश्न विचारतं: महिन्याला हप्ता किती बसेल?

हा प्रश्न आधी विचारू नका. हप्ता कमी करून दाखवणं फार सोपं असतं, मुदत वाढवली की तो आपोआप उतरतो. सहा लाखांचं कर्ज दरसाल ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये पडतो आणि व्याजापोटी सुमारे १ लाख ४७ हजार जातात. तेच कर्ज सात वर्षांवर नेलं की हप्ता ९,६५० च्या आसपास येतो. ऐकायला बरं वाटतं, पण व्याज २ लाख १० हजारांच्या वर जातं. गाडी तीच, कर्ज तेवढंच आणि खिशातून ६३ हजार जास्त.

शोरूममध्ये आपण एक वस्तू विकत घेतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे तीन सौदे एकाच टेबलावर होतात: गाडीचा, कर्जाचा आणि विम्याचा. तिन्हींत वितरकाची कमाई वेगवेगळी असते. गाडी विकून नफा मिळतो, कर्जाची फाइल पाठवली की बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून कमिशन मिळतं आणि विम्यातूनही मिळतं. यात बेकायदा काही नाही. पण तिन्ही रकमा ‘ऑन रोड’ नावाच्या एका आकड्यात कालवल्या की कुठे सूट मिळाली आणि कुठे ती परत वसूल झाली, हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून या लेखातला सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे. हे तीन सौदे सुटे करा, तिन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या आणि मगच पैसे द्या.

आमगाव तालुक्यातल्या एका शिक्षक कुटुंबाचा अनुभव सांगतो, कारण अशा तक्रारी मी वारंवार ऐकतो. पगाराच्या बँकेने त्यांना ९ टक्के दर सांगितला होता. शोरूममधला फायनान्सवाला म्हणाला, “सर, बँकेत कशाला हेलपाटे मारता? आपल्याकडे सात टक्क्यांनी होऊन जाईल, फाइल आजच लॉगिन करतो.” नऊपेक्षा सात कमी, म्हणून त्यांनी होकार दिला. सहा लाख, पाच वर्षं, हप्ता १३,५००. घरी येऊन मुलीने हिशेब केला तेव्हा बँकेचा हप्ता हजार रुपयांनी कमी निघाला. सात टक्के हा ‘फ्लॅट’ दर होता. तोवर सह्या झाल्या होत्या, बुकिंगची रक्कम भरली होती. फाइल मागे घ्यायची म्हटल्यावर उत्तर आलं की वीस हजारांची सूट आमच्याच फायनान्सवर होती, बँकेचं कर्ज आणलं तर ती जाईल. पुढचा महिनाभर फोन, आश्वासनं आणि गोंदियाच्या चकरा यांत गेला.

फ्लॅट दराचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. त्यात पाचही वर्षं मूळ सहा लाखांवरच व्याज लावतात: ६ लाखांचे ७ टक्के म्हणजे ४२ हजार, पाच वर्षांचे २ लाख १० हजार. एकूण ८ लाख १० हजार भागिले ६० महिने म्हणजे १३,५००. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तिसऱ्या वर्षी सहा लाख देणं उरलेलंच नसतं. बँका ज्या घटत्या शिलकीवर व्याज लावतात त्या पद्धतीने मोजलं, तर १३,५०० चा हप्ता साडेबारा टक्क्यांचा निघतो. म्हणजे नऊ टक्क्यांशी तुलना साडेबाराची करायची होती आणि पाच वर्षांत फरक ६२ हजारांहून जास्तीचा होता. दर सांगणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा, “फ्लॅट की रिड्युसिंग?” उत्तर गोलमाल आलं तर फ्लॅट समजून चाला.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या हातात एक चांगलं साधन दिलं आहे आणि ते मागणारे फार थोडे आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा तक्ता, देणं बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात एपीआर, म्हणजे व्याज आणि सगळे शुल्क धरून पडणारा खरा वार्षिक दर, लिहिलेला असतो. प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जासोबत चिकटवलेला विमा, सगळं त्यात यावं लागतं. तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, म्हणून तो मराठीत मागा. आणखी महत्त्वाचं म्हणजे, त्यातल्या अटी तुमच्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. “आजच सही करा, उद्या दर वाढेल” हे वाक्य ऐकलं की या तीन दिवसांची आठवण करून द्या. तक्त्यात नसलेलं शुल्क नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. दोन ठिकाणचे तक्ते शेजारी ठेवून फक्त एपीआरचे आकडे पाहिले, तरी निम्मा निर्णय होतो.

कर्ज वाटपात ज्या चुकीच्या पद्धती आढळल्या त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढलं. पैसे दिल्याच्या तारखेऐवजी मंजुरीच्या तारखेपासून व्याज लावणं, एक-दोन हप्ते आगाऊ घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजणं, या गोष्टी त्यात नावानिशी आहेत. आपल्याकडे ‘ॲडव्हान्स ईएमआय’ या नावाने पहिला हप्ता डिलिव्हरीलाच कापून घेतात. घेत असतील तर कर्जाच्या रकमेतून तो वजा झालाय का, हे परतफेडीच्या तक्त्यात तपासा.

तर मग सुरुवात कुठून करावी? शोरूमपासून नको. आधी सिबिलचा अहवाल काढा, पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. जुन्या दुचाकीच्या किंवा मोबाइलच्या कर्जाचा शे-दोनशे रुपयांचा राहिलेला हिशेबही त्यात थकबाकी म्हणून दिसू शकतो आणि तो मिटवायला वेळ लागतो. मग जिथे पगार किंवा धानाचे पैसे जमा होतात त्या बँकेत जा आणि किती कर्ज, किती दर, किती मुदत हे लेखी घ्या. जिल्ह्यात राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा आहेत, महाराष्ट्र ग्रामीण बँक आहे (विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून तिच्यात विलीन झाली), नोकरदारांच्या पतसंस्था आहेत. शोरूममध्ये एकच फाइल एकाच वेळी चार-पाच फायनान्स कंपन्यांकडे पाठवायला नकार द्या. प्रत्येक कंपनीची चौकशी सिबिलवर नोंदते आणि थोड्या दिवसांत फार चौकशा दिसल्या की पुढचा बँकवाला बिचकतो.

शेतकऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, त्यामुळे गाडीलाही तसंच होईल असं अनेकांना वाटतं. गाडीच्या कर्जाचा हप्ता बहुतेक ठिकाणी महिन्याचाच असतो, आणि चुकारे कधी येतील हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. खात्यात पैसे नसताना हप्त्याची तारीख आली की कर्ज देणाऱ्याचा दंड आणि तुमच्या बँकेचा परताव्याचा दंड, असे दोन्ही बसतात. म्हणून सहामाही हप्त्याची सोय आहे का, हे अर्ज करतानाच विचारा. नसेल तर किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून उरलेल्या पैशातच डाउन पेमेंट बसवा. डाउन पेमेंट रोख देण्याची सवयही सोडा. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि त्याखालची रक्कमही पावतीशिवाय दिली तर ती दिलीच नाही असं होऊ शकतं.

आता कोटेशनकडे वळू. शोरूमचा कागद हातात घ्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवा. पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. जीएसटी या किमतीतच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. लहान म्हणजे चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंतचं इंजिन. कंपनीच्या संकेतस्थळावर गोंदियाची किंवा महाराष्ट्राची किंमत निवडून ती या ओळीशी ताडून पाहा.

दुसरी ओळ आरटीओची. महाराष्ट्रात खासगी वापराच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के. सात लाखांच्या पेट्रोल गाडीला सुमारे ७७ हजार आणि वर थोडा उपकर. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचे १,५०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. एवढी बेरीज करा. कोटेशनमधला आकडा तिच्यापेक्षा आठ-दहा हजारांनी जास्त असेल तर विचारा की वरचे कशाचे. कराची आणि शुल्काची पावती ऑनलाइन निघते, ती तुमच्या नावाची असते आणि ती मागणं तुमचा हक्क आहे. किंमत १० लाखांवर गेली तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी गोळा होणारा आयकर, घेतात. हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरलं की तो परत मिळतो किंवा करातून वळता होतो. पण त्यासाठी बिलावर तुमचा पॅन बरोबर हवा.

मग येतात हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो चार्ज अशा ओळी. मोटार वाहन कायद्यात हँडलिंग नावाचं कोणतंही शुल्क नाही. गाडी कारखान्यातून गोंदियात आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. ही ओळ खोडून द्या म्हणून शांतपणे सांगा. बऱ्याचदा ती खोडली जाते, कारण तिला आधार नसतो हे टेबलापलीकडच्या माणसालाही माहीत असतं. “बेसिक किट” या नावाखाली मॅट, मडफ्लॅप, कव्हर आणि कोटिंग यांचे वीस-पंचवीस हजार लावतात. त्यातलं काहीही सक्तीचं नाही. नंबरप्लेट मात्र वेगळी विकत घ्यायची वस्तू नव्हे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच लागते.

तिसरा सौदा विम्याचा, आणि इथे लोक सगळ्यात गाफील असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. या भागाचा हप्ता सरकार ठरवतं, त्यामुळे सगळ्या कंपन्यांचा सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, जो एका वर्षाचा घेता येतो, आणि त्यावर चढवलेल्या ॲड-ऑनमध्ये. विमा वितरकाकडूनच घ्यायची सक्ती नाही. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशी सक्ती करू नये हे स्पष्ट आहे. बाहेरून कोटेशन आणा, पण तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे का ते पाहा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते. सात लाखांच्या गाडीला ६ लाख ६५ हजार. आयडीव्ही खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे, आणि तिचा फटका अपघातानंतर बसतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

याशिवाय कर्जाच्या फाइलमध्ये एक आयुर्विमा किंवा ‘लोन सुरक्षा’ गुपचूप येऊन बसते. तिची रक्कम कर्जातच मिळवलेली असते, त्यामुळे तिच्यावरही व्याज जातं. कुटुंबात कमावणारा एकच असेल तर असा विमा उपयोगी ठरूही शकतो, पण तो ऐच्छिक आहे आणि वेगळा घेतला तर अनेकदा स्वस्त पडतो. नकळत घेतला गेला असेल तर आयुर्विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

बुकिंगची रक्कम देण्याआधी पावतीवर मॉडेल, रंग, उत्पादनाचं वर्ष, किंमत, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल हे लिहून घ्या. उत्पादनाचं वर्ष यात आवर्जून आणतो, कारण गोव्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. ग्राहकाला २०११ ची गाडी हवी होती, वितरकाने दिली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली. जिल्हा ग्राहक मंचापासून प्रत्येक पायरीवर निकाल ग्राहकाच्या बाजूने लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक टाटा मोटर्सला मात्र जबाबदारीतून मोकळं केलं: वितरकाने परस्पर केलेल्या गोष्टीची जबाबदारी, उत्पादकाला त्याची माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय, त्याच्यावर टाकता येत नाही. मोठ्या कंपनीचं नाव आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. तुमचा करार समोरच्या वितरकाशी असतो. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. उरलेली रक्कम भरण्याआधी शोरूमच्या यार्डात दिवसाउजेडी गाडी पाहा, चेसिस नंबर स्वतः वाचून कागदाशी जुळवा, मीटर पाहा, टायरवरचे चार आकडे पाहा. त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात.

गोंदियाकरांना एक मोह नेहमीच होतो, बालाघाटचा. तासाभरावर गाव, तिकडे नातेवाईक, आणि “एमपीत टॅक्स कमी” ही ऐकीव माहिती. दुसऱ्या राज्यात गाडी घ्यायला हरकत नाही, पण राहता तिरोड्यात आणि नंबर मात्र मामाच्या पत्त्यावर मध्य प्रदेशचा, हे पुढे अंगाशी येतं. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तिथल्या आरटीओचं व कर्ज देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. महाराष्ट्राचा कर भरावा लागतोच. पत्ता खोटा निघाला तर विम्याच्या दाव्यातही प्रश्न उभे राहतात. नागपूरहून घेतली तर ही कटकट नाही, कर राज्यभर सारखा आहे. फक्त नंबर गोंदियाच्या एमएच-३५ चा हवा असेल तर बुकिंगलाच सांगा.

जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर तिचाही आकडा सुटा ठेवा. नव्या गाडीवर सूट आणि जुनीच्या किमतीत घट, असा तो हिशेब जुळवलेला असतो. पैशापेक्षा मोठी जोखीम नावाची आहे. गाडी विकली पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईचा बोजा नोंदणीकृत मालकावर येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांसाठी नियम आले आहेत. अशा व्यापाऱ्याला गाडी सोपवल्याची सूचना पोर्टलवर देता येते आणि मग जबाबदारी त्याच्याकडे जाते. ही नोंद झाल्याशिवाय चावी देऊ नका.

कर्जाच्या करारावर सही करताना कोऱ्या जागा दिसल्या तर त्या भरून घ्या किंवा आडवी रेघ मारा. “नंतर भरतो” ही सबब ऐकू नका. कराराची आणि सगळ्या जोडपत्रांची प्रत कर्ज देणाऱ्याने द्यायचीच असते. नोंदणी होऊन नंबरप्लेट लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. मुहूर्त चुकतोय म्हणून बिनानंबरची गाडी घरी आणली आणि वाटेत काही झालं, तर त्याचं उत्तर मुहूर्त देणार नाही. मुहूर्ताला पूजा शोरूममध्येच करता येते.

एवढं करूनही फसवणूक झाली तर भांडण तोंडी ठेवू नका. आधी वितरकाला लेखी तक्रार, ईमेलने किंवा पोचपावतीच्या टपालाने. कर्जाची तक्रार आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ती ऑनलाइन फुकट करता येते आणि मदतीचा क्रमांक १४४४८ आहे. गाडीच्या सौद्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही भागलं नाही तर गोंदियाचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करायचा हक्क दिला, त्यामुळे शोरूम नागपूरचं असलं तरी देवरी किंवा सालेकशाच्या माणसाला नागपूरला तारखा करायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. तिथे कामी येतात ते कागद: कोटेशन, बुकिंगची पावती, फायनान्सवाल्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप. म्हणून तोंडी आश्वासन मिळालं की त्याच संध्याकाळी “आज आपण असं ठरवलं” असा निरोप पाठवून ठेवा.

कर्ज फिटल्यावर एक काम उरतं आणि पुष्कळ लोक ते विसरतात. आरसीवरचा बोजा आपोआप उतरतोच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कर्ज देणाऱ्याने मूळ कागद परत करून नोंदवलेला बोजा काढायला हवा. उशीर त्याच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. त्याच्याकडून ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत अर्ज करा. आठवडाभराने परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा. फायनान्सरच्या रकान्यात नाव दिसत असेल तर पुन्हा जा, आणि विम्याच्या पॉलिसीवरूनही ते नाव काढून घ्या.